गुरुवारी सुट्टी घेणाऱ्या लहरी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत बसून मेथी निवडत होतो. निवृत्त माणसावर विश्वासानं सोपवावं असं घरात एवढंच एक काम असतं. संपादक म्हणाले, "तुम्ही अवकाश संशोधनात होतात ना? मग अवकाशातले थरारक अनुभव लिहा." मी म्हटलं, "अहो, मी अवकाशात कधी गेलो नाही. मी वेल्ह्याला जायचो. तेही बऱ्याचदा एसटीनं." ते म्हणाले, "चालेल, पण थरारक लिहा." वेल्ह्याची शेवटची एसटी ज्यांची चुकली आहे त्यांना थरार वेगळा सांगायला नको. बाकीच्यांसाठी लिहितो.

माझा हुद्दा तांत्रिक सहायक. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी उभी हयात काढली. या हुद्द्याचा अर्थ असा, की यंत्र चाललं तर ते साहेबांचं संशोधन आणि बंद पडलं तर तो माझा हलगर्जीपणा. आमचे साहेब म्हणजे सबनीस सर. अत्यंत हुशार माणूस. आभाळातल्या कुठल्याही रेषेचं गणित मांडतील, पण वेल्ह्याच्या बाजारात सुट्टे पैसे परत घ्यायला विसरतील. चिडके, प्रामाणिक आणि स्वतःच्या कामापुढे बाकी सगळं जग अडगळीत टाकणारे.

धंदा काय होता ते आता एकदाच सांगतो. मी जन्मभर हेच सांगत आलो आहे आणि माझ्या सासुरवाडीला अजूनही वाटतं की मी रेडिओ दुरुस्त करायचो.

पृथ्वी हे एक चुंबक आहे. त्या चुंबकाच्या रेषा एका गोलार्धातून निघतात, आभाळात भलीमोठी कमान करतात आणि दुसऱ्या गोलार्धात उतरतात. हवा संपते त्याच्याही वर, जिथं नुसती पोकळी आहे असं आपण धरून चालतो, तिथं उन्हानं फुटलेल्या अणूंचे कण विजेचा भार घेऊन भिरभिरत असतात. त्याला प्लाझ्मा म्हणायचं. आणि पृथ्वीच्या चुंबकाची जिथवर सत्ता चालते त्या सगळ्या मुलखाला चुंबकावरण. आता, पावसाळ्यात वीज कडाडली की तिच्यातून रेडिओलहरी निघतात. त्यातल्या काही या रेषा धरून वर चढतात, त्या प्लाझ्मातून वाट काढतात आणि पार समुद्रापलीकडे उतरतात. वाटेत बारीक सूर पुढे पळतात आणि जाडे सूर मागे रेंगाळतात. त्यामुळे तारेच्या वेटोळ्यात पकडून हेडफोनला दिली की ती लहर वरून खाली घसरणाऱ्या शिट्टीसारखी ऐकू येते. सुईईई करत. वर अशा लहरींचे नाना प्रकार आहेत. काही पाखरांच्या कलकलाटासारख्या असतात, काही नुसत्या फुसफुसतात. त्या ऐकायच्या, टेपवर धरायच्या आणि त्यावरून वर काय चाललंय ते ओळखायचं, हा आमचा उद्योग. वाडीतले लोक मला 'शिट्टीवालं सायेब' म्हणायचे. संस्थेनं दिलेल्या हुद्द्यापेक्षा हा हुद्दा जास्त खरा होता.

या कामाचा एकच वैरी आहे, आणि तो म्हणजे घरोघरची वीज. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते. तिची गुणगुण लांबूनसुद्धा आमच्या वेटोळ्यात घुसते आणि वरच्या नाजूक शिट्ट्या बुडून जातात. म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही वीज नसलेली जागा शोधत हिंडलो. भोरमध्ये घरोघर वीज, तिथं तर प्रश्नच नव्हता. भोंगवलीला शेतोशेती पंप. आंबवडे माझं स्वतःचं गाव, म्हणून मी मोठ्या हौसेनं सरांना तिथं नेलं, तर सरांनी कानाला हेडफोन लावला आणि माझ्या गावाकडे असं पाहिलं की जणू गावानं त्यांना शिवी दिली.

शेवटी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या एका सोंडेवर जागा सापडली. जवळच दहा-बारा घरांची एक वाडी होती. तिचं नाव लिहीत नाही. त्या वाडीनं विज्ञानासाठी पुरेसं सोसलंय, आता प्रसिद्धी तरी नको. सरांनी हेडफोन लावला, डोळे मिटले आणि हर्षानं ओरडले, "वीज नाही! काय अद्भुत जागा आहे!" शेजारी एक बाई डोक्यावर दळणाची पाटी घेऊन खाली वेल्ह्याला निघाल्या होत्या. त्या थांबल्या आणि सरांना त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. वीज नाही म्हणून आनंदानं नाचणारा माणूस त्या पहिल्यांदाच बघत असाव्यात.

या बाई म्हणजे हौसाबाई. पुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे.

आमच्या यंत्रांना बॅटऱ्या लागत. त्या भोरला रफीकभाईंच्या दुकानात चार्ज व्हायच्या. रफीकभाई विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे, जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचे, आणि त्यांचा स्वतःचा डिझेल टेम्पो होता. पेट्रोलची गाडी आमच्याकडे निषिद्ध, कारण तिची ठिणगी आमच्या तारेला ऐकू जाते. "म्हणजे माझ्या टेम्पोचा धूर चालतो, पण शेजाऱ्याच्या स्कूटरची ठिणगी चालत नाही," रफीकभाई म्हणायचे. "लई सोवळं आहे बुवा तुमचं शास्त्र." टेम्पो जाईल तिथवर जायचा आणि पुढची चढण आम्ही बॅटऱ्या उचलून चढायचो. दम खायची जागा ठरलेली होती, हौसाबाईंची ओसरी.

त्या ओसरीत ताडपत्रीखाली एक पिठाची गिरणी झाकून ठेवलेली होती. विजेवर चालणारी. ज्या वाडीत विजेचा पत्ता नाही त्या वाडीत. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, बाईंना कुणीतरी गंडवलं. पण तसं नव्हतं. वाडीला लाइट मंजूर झाली होती. मोजणी झाली होती, खांबसुद्धा येऊन पडले होते. हौसाबाई उद्योगी बाई. खांब आले म्हणजे तार आलीच, असा सरळ हिशोब करून त्यांनी भोरमधल्या एका बंद पडलेल्या गिरणीचं सामान उचललं. तिची मोटार रफीकभाईंनीच भरून दिली. वाडीतल्या साऱ्या बायकांची दळणाची पायपीट वाचणार होती आणि हौसाबाईंना घरबसल्या धंदा मिळणार होता.

मग तार आली नाही. खांब वाडीच्या पायथ्याशी आडवे पडून राहिले. पोरं त्यांवर घसरगुंडी खेळायची, म्हाताऱ्यांनी त्यांचा पार केला आणि एका खांबाला एक म्हैस कायमची बांधलेली असायची. दर पावसाळ्यानंतर रफीकभाई गिरणीची मोटार उतरवून भोरला न्यायचे, ओल वाळवायचे आणि परत बसवायचे. "न चालणाऱ्या मोटारीची एवढी देखभाल मी जन्मात केली नाही," ते म्हणायचे. हौसाबाई चहा द्यायच्या, आम्ही तिघं मिळून वीज मंडळाला यथेच्छ शिव्या घालायचो आणि मग मी भरलेल्या बॅटऱ्या घेऊन त्या अंधाऱ्या घरांवरून पुढं सोंडेवर जायचो.

हौसाबाई एकदा म्हणाल्याही, "पाव्हणं, त्या डब्यात लाइट हाय न्हवं? मग माजी गिरण तेवढी फिरवा की."

"मावशी, त्यावर गिरण नाही फिरत. त्यावर फक्त ऐकता येतं."

"आन् ऐकून प्वाट भरतं?"

"आमचं भरतं," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

असं चाललेलं असताना आमच्या टेपवर ते आलं. टेपवरचे सूर संगणकाला दिले की पडद्यावर चित्र उमटतं. शिट्टी म्हणजे खाली वळणारा फराटा, पाखरं म्हणजे वर वळलेले बारीक आकडे. पण हे काही निराळंच होतं. आडव्या रेघा. एकीवर एक, सारख्या अंतरावर, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. आणि सगळी शिडी मिळून अगदी सावकाश वर चढत होती. कानाला ऐकलं तर लांबवर भुंगा फिरतोय असं वाटायचं.

सरांची झोप उडाली. विजेची गुणगुण असती तर रेघा पन्नासाच्या पटीवर ठाम बसल्या असत्या, चढल्या नसत्या. तरी सर पक्के. ते म्हणाले, "शंका ठेवायची नाही." कारखान्यांच्या विजेची गळती वरपर्यंत पोचून अशा रेघा उठतात, असं परदेशात काही जणांचं म्हणणं होतं. तसं असेल तर कारखाने बंद असताना त्या फिक्या पडायला हव्यात. म्हणून आम्ही रविवारच्या टेपा काढून तपासल्या. रेघा होत्या तशाच ठणठणीत. झालं, एक पुरावा मिळाला. दुसरा पुरावा सरांनी शोधनिबंधात अगदी अभिमानानं घातला, की आमच्या केंद्राच्या जवळच्या वस्तीत वीजच नाही. याचा अर्थ या लहरी निसर्गाच्या आहेत, चुंबकावरणातल्या आहेत आणि आजवर कुणी वर्णन न केलेल्या आहेत. निबंध छापून आला, सरांचा सत्कार झाला. निबंधाच्या शेवटी वाडीतल्या रहिवाशांचे सहकार्याबद्दल आभारसुद्धा मानले होते. त्यांनी कसलं सहकार्य केलं ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या पावसाळ्यात हौसाबाई दळण घेऊन उतरताना शेवाळावरून घसरल्या आणि उजवा हात मनगटात मोडला. गावठी बांधणीनं तो वाकडाच जुळला. मी गेलो तेव्हा त्या डाव्या हातानं चहा गाळत होत्या. पीठ सगळं ओढ्यात वाहून गेलं याचीच हळहळ त्या करत होत्या, हाताचं नावही काढत नव्हत्या. मला इतका संताप आला की मी चहा तसाच ठेवला आणि तडक खाली वेल्ह्याला सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनापुढे वीज मंडळाच्या नावानं भरपूर तोंडसुख घेतलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, पान लावलं आणि म्हणाले, "मंडळाला कशाला बोलता, साहेब? काम तुमच्याच सरांच्या हरकतीनं अडलंय. राष्ट्रीय महत्त्वाचं संशोधन आहे म्हणे. जवळपास तार नको."

इतकी वर्षं बाईंच्या ओसरीवर बसून, त्यांचा चहा पिऊन, मी ज्यांना शिव्या देत होतो ते आम्हीच होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. तांत्रिक सहायकाला अशा गोष्टी सांगत नाहीत, त्याला बॅटऱ्या सांगतात.

मी परत वर गेलो आणि हौसाबाईंना सगळं सांगून टाकलं. लपवून ठेवण्याइतका मी हुशार नाही. त्यांनी गिरणीवरची ताडपत्री डाव्या हातानं नीट केली. मग म्हणाल्या, "तुमच्या सायबाला हितं घिऊन या. म्हनावं, काय ऐकताय त्ये आमाला बी ऐकवा."

सर यायला तयार झाले. भाबडेच ते, त्यांना वाटलं, जनजागृतीची संधी आली. सकाळच्या उन्हात मारुतीच्या देवळापुढं सगळी वाडी जमली. रफीकभाईंनी बॅटरीवर स्पीकर जोडून दिला. सरांनी देवळाच्या भिंतीवर कोळशानं पृथ्वी काढली, रेषा काढल्या आणि बोलायला सुरुवात केली. "भूचुंबकीय क्षेत्ररेषांच्या अनुषंगाने मार्गक्रमण करणाऱ्या अतिनीच कंप्रतेच्या लहरी..." पुढच्या रांगेतली एक म्हातारी हात जोडून बसली. तिला वाटलं, पोथी सुरू झाली. मग मी उठलो आणि मघाशी तुम्हाला सांगितलं तसं सांगितलं. टेप लावली. शिट्टी वाजली तेव्हा लोक खूश झाले. एका आजोबांनी विचारलं, "ह्याच्यावर क्रिकेट लागतं का?" लागत नाही म्हटल्यावर ते उठून गेले.

मग त्या नव्या लहरी लावल्या. घूंऽऽ असा बारीक आवाज. सर भारावून म्हणाले, "हा आवाज आपल्या पृथ्वीच्या अंगणातून येतोय. तो असा का येतो, हे अजून जगात कुणाला ठाऊक नाही."

हौसाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. "सायेब, माजी गिरण सुरू झाली, की ह्यो आवाज बंद पडंल का?"

"छे छे! तो बंद कसा पडेल? फक्त आपल्याला ऐकू येणार नाही."

"म्हंजी त्यो आपला वर चालूच ऱ्हाईल."

"हो, अर्थात."

"मग ऱ्हाऊ द्या की चालू!" बाई म्हणाल्या. "आमी कुठं त्येला आडवतोय?"

देवळापुढं हशा उसळला. सरांच्या कारकिर्दीत इतका नेमका प्रश्न कुठल्याही परिषदेत कुणी विचारला नव्हता. ते खाली बसले आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "मला आणखी एक वर्ष द्या. कारण सापडलं की मी स्वतः हरकत मागे घेईन. हे देशाचं काम आहे हो."

देशाचं नाव काढलं की आपली माणसं विरघळतात. वाडी विरघळली. हौसाबाई मात्र सहज सोडणाऱ्या नव्हत्या. आपला वाकडा हात सगळ्यांना दिसेल असा पुढे करून त्या म्हणाल्या, "घ्या एक वरीस. पन ह्यो आवाज कशाचा त्ये कळलं, की पयलं मला येऊन सांगायचं. ह्या शिट्टीवाल्याला धाडायचं न्हाई. तुमी सोता यायचं." सरांनी मारुतीसमोर कबूल केलं. माझ्या माहितीत चुंबकावरणाच्या संशोधनाला मुदत घालून देणाऱ्या त्या पहिल्याच बाई.

वर्ष सरत आलं. सरांनी सूर्याचे डाग तपासले, चंद्राच्या कला तपासल्या, वाऱ्याच्या दिशासुद्धा तपासल्या. कारण काही लागेना. आणि मग एका गुरुवारी त्यांच्या घरची लाइट गेली. यात नवल काहीच नाही. पुण्यात गुरुवारी लाइट जातेच. कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारची, म्हणून दुरुस्तीची कामंही त्याच दिवशी काढतात. पुण्यात जन्मलेलं पोरही हे जाणतं. सर घामाघूम होऊन, हातात वर्तमानपत्राचा पंखा घेऊन बसले होते. आणि तिथं, त्या खुर्चीत, त्यांच्या लक्षात आलं की आपण रविवार तपासला. परदेशी लोकांनी रविवार तपासला म्हणून आपणही रविवार तपासला. आमच्या इथं रविवारी कारखाने धडधडत असतात!

दुसऱ्या दिवशी ते शर्टाची बटणं खालीवर लावून संस्थेत आले. "गुरुवार काढ," एवढंच म्हणाले. मी गुरुवारच्या टेपा काढल्या. एक लावली, दुसरी लावली, मग लावतच गेलो. गुरुवारी त्या रेघा फिक्या पडत होत्या, कधी कधी तर दिसतच नव्हत्या. निसर्गाच्या त्या अद्भुत, अवर्णित, वैश्विक लहरी दर गुरुवारी साप्ताहिक सुट्टी घेत होत्या.

उलगडा असा. मोठमोठ्या कारखान्यांच्या आणि तारांच्या जाळ्यातून विजेची बारीक गळती होते. ती रेषा धरून वर चढते. वरचे कण तिला आपली ऊर्जा देतात, तिचा आवाज फुगतो आणि सूर हळूहळू चढत जातो. म्हणून त्या रेघा पन्नासाच्या पटीवर बसत नव्हत्या. लहर चुंबकावरणातलीच होती, त्यात सर चुकले नव्हते. पण तिचं बी खालून गेलेलं होतं. विजेचंच.

सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आपण चुकलो." हे दोन शब्द उच्चारलेले शास्त्रज्ञ मी फार पाहिले नाहीत, म्हणून मला त्या माणसाबद्दल आजही आदर आहे. त्या दिवशी मात्र तो साधारण अर्धं मिनिटच टिकला. मग सर ताडकन उठून म्हणाले, "अरे, पण हे तर पहिल्यापेक्षा मोठं आहे!" आणि लगेच दुसऱ्या निबंधाला बसले.

मी टेबलासमोर उभा राहिलो. म्हटलं, "सर, आधी वाडी." ते म्हणाले, "तू जाऊन सांग ना. तुला त्यांची भाषा येते." मी म्हटलं, "भाषा मला येते, पण शब्द तुम्ही दिलाय." मी सरांशी असा त्यापूर्वी कधी बोललो नव्हतो. ते आले.

हौसाबाई ओसरीवर गिरणीला टेकून बसल्या होत्या. सर त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि या वेळी एकही जड शब्द न वापरता सांगितलं. कारखाने, तारा, गळती, गुरुवार, सगळं. मला मध्ये एकही शब्द बोलावा लागला नाही. बाईंनी सारं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी ती लाइटच व्हती," त्या म्हणाल्या.

"हो."

"लोकांची."

"हो."

"लोकांची लाइट आमच्या डोस्क्यावरनं चाललीया, आन् ती तुमाला नीट ऐकू यावी म्हनून आमाला अंधारात बसवलं."

आम्हाला घेऊन आलेले रफीकभाई उठले आणि उगाचच टेम्पोकडे बघायला गेले. टेम्पो तिथून दिसतसुद्धा नव्हता. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, म्हणून मी चहा पीत बसलो.

आता तुम्हाला वाटेल, सरांनी पश्चात्तापानं हरकत मागे घेतली. पश्चात्ताप झाला असेलही. पण संस्थेत गेल्यावर वरिष्ठांना त्यांनी जे सांगितलं ते मी याच कानांनी ऐकलं आहे. जवळची वीज आणि लांबची वीज यांतला फरक सिद्ध करायचा तर तुलना हवी, तुलनेसाठी वाडीत वीज हवी, आणि तीही लवकर हवी. विज्ञानाला अंधार हवा होता तोवर वाडी अंधारात राहिली आणि विज्ञानाला उजेडाची गरज पडल्यावर खांब भराभर उभे राहिले. म्हशीला दुसरीकडे बांधावं लागलं. वर्षानुवर्षं आडवे पडलेले खांब उभे करायला काही आठवडे पुरले, हे पाहून वाडीतल्या म्हाताऱ्यांना तर धक्काच बसला. त्यांचा पार गेला होता.

गिरणीच्या उद्घाटनाला सरांना बोलवायचं हौसाबाईंनीच ठरवलं. त्यांच्या जागी मी असतो तर बोलावलं नसतं. सरांना सवडीचा दिवस विचारला तर म्हणाले, गुरुवार ठेवा, त्या दिवशी घरी लाइट नसतेच. चुंबकावरणातला गुरुवार ज्यांनी शोधून काढला त्यांनी तोच दिवस निवडला, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

गुरुवारी आम्ही हार-नारळ घेऊन वर गेलो. गिरणीला हळदीकुंकू झालं. नारळ फुटला. रफीकभाईंनी बिस्मिल्ला म्हणून खटका दाबला. काहीच झालं नाही. खाली वेल्ह्यालाही लाइट नव्हती. दुरुस्ती चालू होती.

हौसाबाई आधी सरांकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं आणि त्या अशा हसत सुटल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "आज वर बी सुट्टी आन् हितं बी सुट्टी!" सर ओशाळून जोत्यावर बसले. बायका दळणाच्या पाट्या घेऊन रांगेत बसल्या होत्या. सरही त्या रांगेच्या टोकाला बसून राहिले. लाइटची वाट बघत बसण्याची त्यांची त्या वाडीतली ती पहिलीच वेळ. वाडीला मात्र त्याची चांगली सवय होती.

उन्हं कलली तेव्हा देवळातला दिवा लुकलुकला. रफीकभाईंनी खटका दाबला. मोटार आधी कण्हली, मग तिनं सूर धरला आणि पट्टा फिरायला लागला. हौसाबाईंनी वाकड्या हाताच्या कोपरानं पाटी अंगाशी धरून डाव्या हातानं जोंधळे ओतले आणि पहिलं पीठ पडलं. सगळ्या बायका एकदमच बोलायला लागल्या.

सर मला म्हणाले, "चल, केंद्रावर ऐकू." बाईंच्या कपाळाला पीठ लागलेलं होतं, त्याही तशाच आमच्या मागून सोंडेवर आल्या. मी यंत्र चालू केलं. सरांनी हेडफोन लावला आणि लगेच तोंड वाकडं केलं. घोंऽऽऽ. शिट्ट्या नाहीत, पाखरं नाहीत. दहा वर्षांची आमची शांतता संपली होती. सरांनी हेडफोन काढला आणि हौसाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो पदरावरूनच कानाला लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आगं बया! ही तर माजी गिरण!"

त्या ऐकत उभ्या राहिल्या. हेडफोन परत द्यायचं त्यांच्या मनात दिसेना. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सायेब, माज्या गिरणीचा आवाज बी जाईल का वर?"

सरांनी आयुष्यात कधी 'शक्यता नाकारता येत नाही' याच्यापुढं उत्तर दिलेलं नव्हतं. एका गिरणीचा आवाज तो काय, आणि किती वर जाणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"जाईल," ते म्हणाले. "लांबवर जाईल."

"मग जाऊ द्या," हौसाबाई म्हणाल्या. "लई वरसं तुमी दुसऱ्यांचंच ऐकलं."